ट्रॅक रेसिंगसाठी पहिली गाडी कोणती घेऊ? आर१५, आरसी ३९० की आणखी काही (बजेट सव्वादोन लाख, सगळं धरून)

व्हीएमसीवाला

नमस्कार मंडळी, वर्षभर नुसता वाचतोय इथं, पहिलाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

वय २६, राहायला नाशिकला सातपूर, अंबडला एका शॉपमध्ये व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) चालवतो. सध्या एनएस २०० आहे, २०१९ ची, ६१ हजार झाली. रविवारी पहाटे चार-पाच जण मिळून दिंडोरी, वणी करत सापुताऱ्याला जातो, चहा मारतो आणि परत, आणि येताना कोण पुढे कोण मागे यावरून आठवडाभर ग्रुपवर भांडणं. गेल्या महिन्यात त्याच रस्त्याला एका वळणावर समोरून कांद्याचा ट्रॅक्टर अर्धा माझ्या बाजूला आला, मी कच्च्यात उतरलो, पडलो नाही पण दहा मिनिटं हात थरथरत होते. कोणी बोललं नाही पण तेव्हापासून ग्रुपमधले दोघं रविवारी येतच नाहीत. मग ठरवलं की हौस करायची तर ट्रॅकवरच करायची, पुढच्या सीझनला चेन्नई नाहीतर कोइमतूरला नॉव्हिसमध्ये (नवख्यांच्या रेसमध्ये) उतरायचं.

आता प्रश्न गाडीचा. साठवलेले २ लाख २५ हजार आहेत, त्यात गाडी, सूट, हेल्मेट सगळं बसवायचंय. उंची ५ फूट ११ इंच, वजन ७८. डोक्यात असलेल्या गाड्या म्हणजे जुनी आर१५ व्ही३ (१५५ सीसी, लाखाच्या आतबाहेर दिसतायत), जुनी आरसी ३९० (दीड ते पावणेदोन), अपाचे आरआर ३१०, आणि एक निन्जा ३०० आहे नाशिकरोडला, पण ती फार मागतोय. ग्रुपमधले सगळे म्हणतात ३९० च घे, १५५ चा महिन्याभरात कंटाळा येईल आणि तुझ्या अंगाला ती सायकल वाटेल. जाणकारांनी जरा सांगा.

टूस्ट्रोक_आत्मा

आरएक्स १०० घे. धागा बंद करा.

व्हीएमसीवाला

दादा आरएक्स १०० आता ज्या भावात मिळते त्यात दोन आर१५ येतील 😄 आणि ती घरात ठेवली तर माझे वडीलच घेऊन पळतील.

जुना_नॉव्हिस

टायपायला वेळ लागला, मोठं झालंय, चहा घेऊन बस.

आधी माझं सांगतो म्हणजे मी कोणत्या तोंडाने बोलतोय ते कळेल. नाशिकचाच, पंचवटी. २०१० आणि ११ असे दोन सीझन चेन्नईला नॉव्हिसमध्ये पळवली, एकदाही पोडियम नाही, एकदा पाचवा आलो त्याचा फोटो अजून हॉलमध्ये आहे. तेव्हा २००८ ची पहिली आर१५ होती माझ्याकडे. आजच्या पोरांना त्याचं काही वाटणार नाही पण पाण्यावर थंड होणारं इंजिन, चार व्हॉल्व्ह, सहा गिअर आणि डेल्टाबॉक्स फ्रेम हे सगळं दीडशे सीसीत मिळणं म्हणजे तेव्हा लॉटरी होती.

तर तुझ्या प्रश्नाचं पहिलं उत्तर असं की प्रश्न उलटा विचारलायस. आधी क्लास ठरतो, मग गाडी. नॅशनल चॅम्पियनशिपला १६५ सीसीपर्यंतचे क्लास असतात, ३०१ ते ४०० चे असतात, मधलेही असतात, आणि कोणत्या वर्षी कोणता क्लास, त्यात नवख्यांना काय, इंजिनला किती हात लावायचा, एक्झॉस्ट बदलायचा की नाही, हे सगळं त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेत असतं आणि दर वर्षी काहीतरी हलतंच. निन्जा ३०० चं बघ. इंजिन २९६ सीसी. म्हणजे ३०१ च्या खाली पाच सीसीने राहिली. गाडी सुंदर आहे, जुळं इंजिन, आवाज ऐकत बसावा, पण ती आणून उभी केल्यावर कोणत्या रांगेत उभं राहायचं हा प्रश्न पडायला नको. ३१० ला टीव्हीएसची स्वतःची वन-मेक (सगळ्यांना एकच मॉडेल) रेस आहे, त्यात गाडी तेच देतात, म्हणजे स्वतःची ३१० घेतलीस म्हणून तिकडे प्रवेश मिळतो असं नाही. हे लोक आधी गाडी घेतात आणि मग क्लास शोधत फिरतात, मी तिघं तरी असे बघितलेत.

दुसरं, कंटाळ्याचं. माझा किस्सा ऐक. कसाऱ्याला मी आमच्या टोळीत सगळ्यात पुढे असायचो, त्यामुळे पहिल्या प्रॅक्टिसला ज्या थाटात गेलो तो विचारूच नको. चेन्नईचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा, बारा वळणं, आणि सरळ पट्टा संपला की सी-वन नावाचा एक वेगवान उजवा येतो. तिथं एक सतरा वर्षांचं कोइमतूरचं पोरगं माझ्यासारखीच गाडी घेऊन बाहेरच्या बाजूने निघून गेलं. दर लॅपला. मला वाटलं इंजिनमध्ये काहीतरी केलंय त्यानं. संध्याकाळी शेजारीच त्याचा मेकॅनिक चाक काढून बसला होता म्हणून डोकावलो, तर त्याचे ब्रेक पॅड जवळपास नवे आणि माझे दोन दिवसात पत्र्याला आलेले. गाड्या सारख्या, टायर सारखे. मी प्रत्येक वळणाआधी गाडी उभी करत होतो आणि तो उभी करतच नव्हता. एवढंच होतं.

आता हेच मी ३९० वर असतो तर मला कळलंच नसतं. वळणात गाडी मेली तरी बाहेर पडताना मुठ पिळली की ४३ घोडे ओढून नेतात, माणसाला वाटतं आपण भारी चालवतोय. छोट्या गाडीवर वळणात घालवलेला ताशी पाच किलोमीटरचा वेग परत मिळवायला अख्खा सरळ पट्टा जातो, म्हणून चूक लगेच दुखते. कंटाळा येतो म्हणणाऱ्यांनी एकदा १५५ वर सी-वनला मुठ न सोडता जाऊन दाखवावं, मिसळ माझ्याकडून.

तिसरं, पैसे. तू सव्वादोन लाख म्हणालास त्यातले निम्म्याच्या वर गाडीत घालू नकोस. सूट, बूट, ग्लोव्हज, बॅक प्रोटेक्टर, हेल्मेट यात चांगलाच खड्डा पडतो, मग टायर, एन्ट्री, लायसन, आणि चेन्नई इथून तेराशे-चौदाशे किलोमीटर आहे रे, गाडी चालवत नेणार आहेस का? आणि पडणं हा खर्चाचा कायमचा कॉलम आहे, "पडलो तर" असं नाही, पडणारच. पहिल्या वर्षी जो पडून सोमवारी गाडी परत उभी करू शकतो तो शिकतो. ज्याची गाडी पहिल्या पडण्यातच गॅरेजला सहा महिने जाते त्याचा सीझन संपला. म्हणून मी म्हणतो जुनी आर१५ व्ही३.

तीनशेनव्वद

दादांचा आदर आहे पण मला हे "छोटीवरच शिक" प्रकरण जरा पोथीसारखं वाटतं. मी डायरेक्ट आरसी ३९० वर गेलो, तीन वर्षं झाली, हात-पाय जागेवर आहेत. आधी १५५ घ्या, वर्षभराने ती विका, मग ३९० घ्या, यात दोनदा गाडी तयार करायचा खर्च होतो तो कोणी धरत नाही. आणि भाऊ ५-११ आहे. आर१५ च्या टाकीवर झोपला तर गुडघे कोपराला लागतील. ग्रिडवर बाकीची पोरं पन्नास-पंचावन्न किलोची असतात, हा ७८ चा, सरळ पट्ट्यावर सगळे हात हलवत जातील. ३९० वर वजनाचा फरक जाणवत नाही, ताकदच एवढी असते. उद्या बुद्ध सर्किटला ट्रॅक डे मिळाला तर तिथल्या एक किलोमीटरच्या सरळ पट्ट्यावर १५५ घेऊन काय करणार, पेपर वाचणार?

व्हीएमसीवाला

हे वजनाचं मलाही सतावत होतं म्हणून काल नाइट शिफ्टला मशीनवर जॉब लागलेला असताना हिशोब करून बघितला, चुकत असेल तर सांगा.

आर१५ धरली १४२ किलो आणि १८.६ पीएस (म्हणजे घोडे). मी आणि माझे कपडे-हेल्मेट मिळून ८८. म्हणजे २३०, एका पीएसला १२.४ किलो. तेच ५५ किलोचं पोरगं कपड्यांसकट ६५, एकूण २०७, एका पीएसला ११.१. म्हणजे मी ११ टक्क्यांनी जड.
आरसी ३९० धरली १७२ किलो आणि ४३.५ पीएस. मी वर बसलो की २६०, पोरगं बसलं की २३७. म्हणजे मी ९.७ टक्क्यांनी जड.

११ आणि ९.७. म्हणजे मोठी गाडी घेतली म्हणून माझं वजन काही लपत नाही, फरक सव्वा टक्क्याचा. मला वाटलं होतं अर्ध्यावर येईल.

गुडघ्याचं मात्र खरं असावं, मित्राच्या व्ही३ वर बसलो होतो, दहा मिनिटात पाय आखडले.

जुना_नॉव्हिस

वा! हा हिशोब मी दहा वर्षांत केला नाही. पाय आखडतात त्याला रिअरसेट (मागे-वर बसवलेले फुटरेस्ट) आणि सीटवर दोन इंचाचा फोम. रस्त्यावरच्या फुटरेस्टवर बसून काही ठरवू नकोस.

आणि @तीनशेनव्वद, बुद्धचं मान्य, तो ५.१२५ किलोमीटरचा राक्षस आहे, फॉर्म्युला वनसाठी बांधलेला, २०२३ ला तिथं मोटोजीपी झाली. पण हा पोरगा नाशिकहून ग्रेटर नोएडाला जाणार नाहीये रेस करायला. कोइमतूरचा करी ट्रॅक २.१ किलोमीटर, तिथं सरळ पट्टा सुरू झाला म्हणेपर्यंत संपतो.

इगतपुरीकर

विषयाला सोडून आहे पण बोलतो. आमच्या घरासमोरून रविवारी तुम्हा लोकांच्या गाड्या जातात. घाट हा ट्रॅक नाही हे धागाकर्त्याला ट्रॅक्टरने शिकवलं, बाकीच्यांना कोण शिकवणार माहीत नाही. मागच्या पावसाळ्यात एका ट्रकचं डिझेल सांडलं होतं वळणावर, आम्ही चार जणांनी मिळून माती टाकली, तेवढ्यात दोन पोरं घसरलीच. ट्रॅकवर निदान कोणीतरी झेंडा दाखवतो.

व्हीएमसीवाला

खरं आहे काका. आम्ही घाट बंद केलाय. प्रॅक्टिसला तपोवनात साधुग्रामच्या मोकळ्या जागेत कोन लावून आठचा आकडा मारायचा विचार होता, पण सिंहस्थाच्या कामांमुळे ते आता विसरायलाच हवं.

इंदिरानगरची

मी एकटीच वेगळं सांगणार आहे बहुतेक. काहीच घेऊ नकोस.

म्हणजे गाडी घेऊ नकोस, आत्ता. मी दोन वर्षांपूर्वी याच फेऱ्यात होते, ओएलएक्सवर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत गाड्या बघायचे. मग एका मैत्रिणीने बळंच ट्रेनिंगला नेलं. फेडरेशनचं, म्हणजे एफएमएससीआयचं, स्पर्धेचं लायसन घ्यायचं तर मान्यताप्राप्त शाळेतलं लेव्हल १ ट्रेनिंग तसंही लागतंच, आणि बऱ्याच शाळांमध्ये गाडी त्यांचीच असते. दोन-तीन दिवस त्यांची गाडी, त्यांचे टायर, झेंडे कोणते, पिट लेनमधून बाहेर कसं पडायचं, मागून येणाऱ्याला लाइन कशी द्यायची, सगळं शिकवतात. मला वेगाची भीती वाटेल असं वाटलं होतं, प्रत्यक्षात पिटमधून ट्रॅकवर मिसळताना मागून येणाऱ्यांची भीती वाटली, वेगाचं काही नाही.

शिवाय वन-मेकचं दादांनी ओझरतं सांगितलं त्यावर जरा थांब. तिथं निवडफेरी असते, लॅपची वेळ चांगली लागली तर निवड होते, नाही तर घरी. पण निवड झाली तर सगळ्यांना एकसारख्या गाड्या आणि त्यांचेच मेकॅनिक. रॉयल एन्फिल्डचा कॉन्टिनेंटल जीटी कप २०२१ पासून आहे, ६४८ सीसीची गाडी, जड धूड आहे, तुझ्या उंचीला उलट बरी बसेल! निवड नाही झाली तरी तुझी वेळ आणि बाकीच्यांची वेळ यातला फरक कागदावर मिळतो, तो फुकटातला सगळ्यात प्रामाणिक सल्ला.

आणि पहिला पैसा सुटावर. मी सेकंडहँड सूट घेतला होता, स्वस्त पडला म्हणून खूश. करीला सकाळच्या सेशनला टायर गार असताना तिसऱ्याच लॅपला पुढचं चाक गेलं, लोसाइड, म्हणजे गाडी खाली आणि मी मागे घसरत, फार वेगही नव्हता. उठले, काही लागलं नव्हतं, पण डाव्या खांद्याची शिवण वीतभर उसवली होती. आधी एकदा कोणीतरी तिथंच पडून वरवर शिवून घेतलं होतं, दोरा वेगळ्या रंगाचा होता आणि मी घेताना ते बघितलं नव्हतं. अजून दोन फूट घसरले असते तर कातडं माझं गेलं असतं. सूट एकाच तुकड्याचा घे, कमरेला झिपवाला नको, आणि जुना घेणार असशील तर आतून उलटा करून एकेक शिवण बघ. हेल्मेटचा पट्टा डबल डी-रिंगचा लागतो, क्लिकवालं तपासणीतच बाहेर काढतील.

व्हीएमसीवाला

ताई थँक्स, हे कोणीच सांगितलं नव्हतं. म्हणजे आधी शाळा, सूट-बूट नवे, आणि मग जमलं तर गाडी. पण खरं सांगू का, स्वतःची गाडी हवीच आहे मला. मला ती खोलायचीय. रेसपेक्षा जास्त त्यातच इंटरेस्ट आहे की काय अशी शंका येते कधीकधी.

पानाबहाद्दर

आत्ता बोललास भो कामाचं.

नाशिकच्या द्वारका चौकाजवळ गॅरेज आहे आपलं, बावीस वर्षं झाली. रेस आपण करत नाही, पोट आडवं येतं, पण तीन पोरांच्या गाड्या तयार करून पाठवल्यात. सांगतो ते ध्यानात ठेव.

रस्त्यावरची जुनी गाडी घेऊ नको, रेस केलेली घे. लोकं घाबरतात रेसची गाडी म्हटलं की. उलट आहे. घाटात फिरलेल्या गाडीचं कोणी ऑइल बघत नाही, रेसच्या गाडीचं दर दोन सेशनला बघतात. आणि तिच्यावर रिअरसेट, क्लिपऑन (खाली बसवलेलं हँडल), फायबरचं फेअरिंग, खालचा ऑइल धरणारा टब, जास्तीचे रिम, सगळं आलेलं असतं, ते नव्यानं जमवायला गेलास तर गाडीएवढाच खर्च. फक्त कागद नसतात बऱ्याचदा, म्हणून ती रस्त्यावर आणायची नाही. टेम्पोतून आण, टेम्पोतून ने. नाहीतर कल्याणवरून रेल्वे पार्सल, पेट्रोल पूर्ण काढून द्यावं लागतं.

बघायला जाशील तेव्हा इंजिन शेवटी बघ. इंजिनचे पार्ट मिळतात, वाकडी चेसी मिळत नाही. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळव, चेसीवरचा लॉकचा ठोकळा (हँडल जिथं अडतं तो) चेपलाय का बघ, चेपला असेल तर गाडी जोरात पडलीय. पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू फिरव, मधोमध अडकल्यासारखं झालं तर कोन सेट (हँडलचं बेअरिंग) गेला, ते स्वस्त काम आहे, भावात धर. पुढचा अ‍ॅक्सल ढिला करून हातानं ओढ, लोण्यासारखा यायला पाहिजे, हातोडी लागली तर शॉकअप पिळलेत. आणि मग गवंड्याची सुतळी घेऊन जा. मागच्या टायरला मागून गुंडाळायची, दोन्ही बाजूंनी ताणून पुढं आणायची, मागच्या टायरला पुढच्या कडेला नुसती टेकेल एवढी. मागचा टायर रुंद, पुढचा अरुंद, त्यामुळे पुढच्या चाकाला दोन्हीकडं फट दिसते. ती दोन्हीकडं सारखी पाहिजे. व्ही३ ला मागं १४० आणि पुढं १०० चा टायर, म्हणजे दोन्हीकडं वीस-वीस एमएम. फार फरक असेल तर चिमटा (मागचं चाक धरणारा) नाहीतर चेसी गेली, हात जोडून निघून ये.

घेतलीस की माझ्याकडं आण. कूलंट काढून साधं डिस्टिल्ड पाणी भरायचं, कूलंट ट्रॅकवर सांडलं तर साबणासारखं होतं म्हणून चालत नाही. आरसे, स्टँड, नंबरप्लेट सगळं उतरवायचं. ऑइलच्या बोल्टाला डोक्यात भोक पाडून तारेनं बांधायचं, ते तुला दीड एमएमचा ड्रिल घेऊन शॉपवरच जमेल, तार अशी पिळायची की बोल्ट सुटायला लागला तर तार ताणली पाहिजे, उलटी बांधणारे पण बघितलेत मी. मग सॅग. तू पूर्ण कपड्यात वर बसल्यावर गाडी तीस-पस्तीस एमएम दबली पाहिजे, ७८ किलोला कंपनीचं स्प्रिंग मऊ पडेल बहुतेक. पॉवरचं नंतर. सगळी पोरं आधी एक्झॉस्ट विचारतात. एक्झॉस्टचा आवाज येतो फक्त.

टूस्ट्रोक_आत्मा

आवाज आला तरी पुरे असतो अण्णा.

व्हीएमसीवाला (पाच आठवड्यांनी)

अपडेट देतो, उशीर झाला.

लेव्हल १ चा फॉर्म भरलाय. सूट नवा घेतला, एकाच तुकड्याचा, बूट-ग्लोव्हज सगळे नवे, पोटात गोळा आला पैसे देताना. घरी आल्यावर घालून बघितला, एप्रिलचं ऊन, पत्र्याचं घर, घामाने अंगाला असा चिकटला की काढताना आईला मागून ओढावा लागला. म्हणाली, "हे घालून करतात काय नक्की?" मी म्हटलं पडतात. त्यावर दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

गाडी बघायला भोसरीला गेलो होतो, रेस केलेली व्ही३, रिअरसेट, फायबर, दोन जास्तीचे रिम, सगळं होतं, ९२ हजार म्हणत होता. लॉकचा ठोकळा चांगला, कोन सेट चांगला, अ‍ॅक्सल हाताने आला. मग सुतळी लावली. तो माणूस हसत होता माझ्याकडे बघून. मी व्हर्नियर घेऊनच गेलो होतो. पुढच्या चाकाला डावीकडे १४.५, उजवीकडे २५.५. तीनदा लावून बघितलं, तेच. मग अण्णांनी सांगितल्यासारखे हात जोडले आणि निघून आलो. वाईट वाटलं, गाडी मनात बसली होती. आता दुसरी शोधतोय, बेंगळुरूला एक आहे.

पानाबहाद्दर

मागच्या चाकाचे चेन अ‍ॅडजस्टर बघितले का? दोन्हीकडच्या खुणा सारख्या होत्या?

व्हीएमसीवाला

नाही 😐

पानाबहाद्दर

अरे येड्या. सांगायचं राहिलं माझं पण. सुतळी मागच्या चाकावरून निघते, मागचं चाकच तिरकं बसवलं असेल तर पुढं सगळं तिरकं दिसणार. रेसला चाक घाईत बदलतात, खुणा कोण बघतो. आधी चेन सरळ करायची, मग सुतळी.

व्हीएमसीवाला

थांबा. व्हीलबेस १३२५. दोन अ‍ॅडजस्टरमध्ये अंतर साधारण २२० धरलं तर एका बाजूला १ एमएम कमीजास्त झालं की पुढे ६ एमएम दिसतं. माझ्याकडे चाक मधोमधपासून साडेपाच सरकलेलं होतं. म्हणजे अ‍ॅडजस्टरवर ०.९ एमएम. ०.९!!! शॉपवर मी रोज याच्याहून कमी फरकाला जॉब रिजेक्ट करतो आणि हे डोक्यात आलं नाही.

जुना_नॉव्हिस

फोन कर त्याला आधी, गणित नंतर कर.

व्हीएमसीवाला

केला. गाडी आहे अजून. माझ्यानंतर दोघं येऊन गेले, मीच कोणाला तरी "चेसी वाकडी आहे" म्हणून सांगितलं असं त्याला वाटतंय, चिडलाय. शनिवारी ये म्हणाला. सातपूर ते भोसरी जाऊन-येऊन छोटा हत्ती किती घेईल, कोणाच्या ओळखीत आहे का?

पानाबहाद्दर

टेम्पो सांगू नको अजून. मी येतो सोबत, पाना माझा घेतो. सुतळी तू आण.